रात्रीचे भाग किती? तीन याम, चार प्रहर, बारा तास, तीस घटका

सायंतारा (मूळ प्रश्न)

जुन्या मराठी पत्रांत आणि बखरींत रात्रीची वेळ ‘चार घटका रात्र’, ‘प्रहर रात्र’, ‘दोन प्रहर रात्र’, ‘चार घटका रात्र उरली असता’ अशी लिहिलेली असते. शाळेतला हिशेब सोपा आहे: प्रहर तीन तासांचा, घटका चोवीस मिनिटांची, रात्रीचे प्रहर चार. पण तो लावायला गेलं की अडतं.

पहिली अडचण म्हणजे संस्कृतात रात्रीला ‘त्रियामा’ म्हणतात. याम म्हणजेच प्रहर, मग चाराचे तीन कसे झाले? दुसरी, इतर प्राचीन समाजांत हेच काम वेगवेगळ्या आकड्यांनी केलेलं दिसतं. रोमन चार भाग करतात, बाबिलोनी तीन, चिनी पाच, इजिप्तवाले बारा. या आकड्यांमागे काही कारण होतं की नुसती रूढी? तिसरी, रात्री छाया नसते, मग मोजायचं कशाने आणि ते कितपत बरोबर येत होतं? आणि शेवटचं, पत्रातली अशी वेळ आजच्या घड्याळात बसवायची असेल तर नेमक्या पायऱ्या कोणत्या?

जुनी_पानं

तुमची निम्मी अडचण एकाच ठिकाणची आहे. प्रहर आणि घटका ही एकाच मापाची लहानमोठी रूपं आहेत असं आपण धरून चालतो. ती दोन वेगळी मापं आहेत.

प्रहर म्हणजे रात्रीचा चौथा हिस्सा, मग रात्र कितीही लांब असो. घटका म्हणजे अहोरात्राचा साठावा भाग. ती पाण्याने मोजतात, त्यामुळे थंडी-उन्हाळा तिला सारखाच. पुण्याचे आकडे बघा. २१ डिसेंबरला सूर्य साधारण ६:०३ ला मावळतो आणि दुसऱ्या दिवशी ७:०४ ला उगवतो. रात्र १३ तास १ मिनिटाची, म्हणून प्रहर सव्वातीन तासांचा. २१ जूनला सूर्यास्त ७:१३ च्या सुमारास, सूर्योदय ५:५९ ला. रात्र १० तास ४६ मिनिटांची, प्रहर २ तास ४१ मिनिटांचा. घटकांत सांगायचं तर डिसेंबरचा प्रहर आठ घटकांहून किंचित मोठा आणि जूनचा पावणेसात घटकांचा. ‘प्रहर म्हणजे साडेसात घटका’ हे समीकरण खरं होतं ते विषुवदिनाच्या आगेमागे थोडे दिवस.

मुहूर्ताच्या बाबतीत तर एकच शब्द दोन्हीकडे वापरतात. अहोरात्राचा तिसावा भाग धरला तर मुहूर्त कायम ४८ मिनिटांचा. रात्रीचा पंधरावा भाग धरला तर पुण्यात तो जूनमध्ये ४३ मिनिटांचा आणि डिसेंबरमध्ये ५२ मिनिटांचा. ब्राह्ममुहूर्त हा रात्रीच्या पंधरा मुहूर्तांतला चौदावा. म्हणजे डिसेंबरअखेर तो पुण्यात ५:२० ते ६:१२ असा येतो आणि जूनअखेर ४:३३ ते ५:१६ असा. वर्षभरासाठी एकच वेळ छापलेली दिसली तर ती कुठल्या गावची आणि कुठल्या दिवसाची, हे आधी विचारावं.

आता त्रियामा. अमरकोशात रात्रीच्या नावांत हा शब्द आहे. त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण असं, की पहिल्या यामाचा पहिला अर्धा आणि शेवटच्या यामाचा शेवटचा अर्धा हे दोन्ही संधिकाल म्हणून दिवसाच्या पदरात टाकायचे, मग निव्वळ रात्र तीन यामांची उरते. पाली ग्रंथांतही रात्रीचे प्रथम, मध्यम आणि पश्चिम असे तीनच याम येतात. गौतम बुद्धाच्या बोधिप्राप्तीची कथा याच तीन यामांत सांगितली आहे.

कौटिल्यात तर दोन वेगवेगळे हिशेब शेजारी शेजारी दिसतात. राजाची दिनचर्या सांगताना तो नालिकेने (म्हणजे घटकेने) रात्रीचे आठ भाग पाडतो. पहिल्यात गुप्तहेरांची भेट, दुसऱ्यात स्नान, भोजन, स्वाध्याय. तिसऱ्यात वाद्यघोष होताच शय्येवर जायचं आणि चौथा-पाचवा भाग झोपायचं. सहाव्यात पुन्हा वाद्यघोषाने उठून शास्त्र आणि कर्तव्याचा विचार, सातव्यात मसलत आणि हेर रवाना करणं, आठव्यात आचार्य-पुरोहितांचे आशीर्वाद आणि वैद्य, मुदपाकाचा प्रमुख, ज्योतिषी यांची भेट. सम रात्री (दिवस-रात्र सारखे असताना) हा प्रत्येक भाग दीड तासाचा, म्हणजे राजाची निवांत झोप साडेदहा ते दीड. नगराच्या बंदोबस्ताचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथे रात्र सुरू झाल्यावर सहा नालिकांनी आणि संपण्याआधी सहा नालिका वाद्य वाजतं. त्या दरम्यान राजवाड्याजवळ फिरताना कुणी सापडला तर पहिल्या आणि शेवटच्या यामात सव्वा पण (त्या काळचं नाणं) दंड, मधल्या यामात दुप्पट. पहिला, मधला, शेवटचा: इथे याम तीन धरलेले दिसतात. राजाच्या कामाला बारीक तुकडे हवेत, गस्तीला मोठे पुरतात. आकडा कामावरून ठरतो.

‘पहारा’ हा शब्दही प्रहरातूनच आला आहे. एका माणसाने जागं राहायचा काळ तो प्रहर.

घटीयंत्र

मोजायच्या साधनाबद्दल लिहितो, कारण ‘भांड्याला भोक पाडलं की घटका मोजता येते’ असं सर्रास वाचायला मिळतं आणि करून पाहिलं की फसतं.

आपलं घटिकापात्र म्हणजे तांब्याची अर्धगोल वाटी, तळाला बारीक भोक. ती मोठ्या घंगाळात स्वच्छ पाण्यावर तरंगत सोडायची. भोकातून पाणी कारंज्यासारखं आत येतं, वाटी हळूहळू जड होते आणि काठ पाण्याखाली गेला की एकदम बुडते. ती एक घटका. सूर्यसिद्धान्त सांगतो की हे पात्र अहोरात्रात साठ वेळा बुडलं पाहिजे. लल्ल या ज्योतिषशास्त्रज्ञाने मापं दिली आहेत: तांबं दहा पळं वजनाचं, तोंडाचा व्यास अर्धा हात म्हणजे बारा अंगुळं, उंची त्याच्या निम्मी, आणि भोक सव्वातीन माषांहून थोड्या जास्त सोन्याच्या चार अंगुळं लांब तारेने पाडलेलं. (या ठिकाणचं पळ हे वजन आहे. काळाचं पळ वेगळं, ते घटकेचा साठावा भाग, २४ सेकंदांचं.)

ही मापं हुबेहूब पाळली तरी चोवीस मिनिटं येतीलच याची खात्री नाही. पत्र्याची जाडी, भोकाच्या कडा, तांब्याची शुद्धता, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत केलेली सोय मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. ते म्हणतात, तांब्याची अर्ध्या घटासारखी वाटी करा, तळाला भोक ठेवा, एका अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा. तेच तुमच्या पात्राचं मान. समजा सूर्योदय ते सूर्योदय वाटी ५७ वेळा बुडली. मग तिची एक बुडी १४४० भागिले ५७, म्हणजे २५ मिनिटं १६ सेकंदांची. वाटी टाकून द्यायची गरज नाही, तिचा गुणक ठाऊक असला की झालं.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी: घरातली सुमारे ३०० मिलिलिटरची पातळ तांब्याची वाटी घ्या. भोक एक मिलिमीटरहून थोडं लहान पाडून सुरुवात करा, कारण भोक वाढवणं सोपं आणि बुजवणं अवघड. भोक बरोबर तळाच्या मध्यावर हवं, नाहीतर वाटी कलते आणि एका बाजूचा काठ लवकर पाण्याखाली जातो. बुडायला वेळ जास्त लागत असेल तर भोक जरासं कोरा. वेळ कमी लागत असेल तर वाटीचा काठ कानशीने घासून वजन उतरवा; हलकी वाटी पाण्यात कमी दबते, आत येणाऱ्या पाण्याचा जोर कमी होतो आणि बुडी लांबते. घंगाळ खोल आणि वाटीच्या निदान दुप्पट रुंद असू द्या. अरुंद भांड्यात वाटी कडेला चिकटते.

बिघडतं कुठे? जड पाण्यातला क्षार भोकाच्या कडेला साचतो, भोक आक्रसतं, घटका लांबते आणि रात्रीत घटका कमी भरतात. कचऱ्याचा एक कण अडकला तरी तेच. त्यावर उपाय म्हणजे पाणी फडक्यातून गाळून घेणं आणि भोक चिंचेने किंवा लिंबाने साफ ठेवणं. थंड पाणी जास्त दाट वाहतं, पण पातळ पत्र्यातल्या भोकात त्याचा फरक थोडाच पडतो. भोक नळीसारखं लांबट असेल तर पहाटेच्या गारठ्यात घटका चांगलीच ताणते. आणि सगळ्यात मोठी चूक माणसाची. बुडलेली वाटी काढून, रिकामी करून परत सोडायला पाच सेकंद लागले तरी तीस बुड्यांत अडीच मिनिटं गेली. शेजारी दुसरी तशीच वाटी तयार ठेवली आणि पहिली बुडताच दुसरी सोडली तर हे नुकसान टळतं.

गळतीच्या घड्याळांपेक्षा ही वाटी एका बाबतीत सरस आहे. भांड्यातून पाणी बाहेर गळत असेल तर पातळी उतरते तसा जोर कमी होतो, त्यामुळे पहिल्या तासाच्या आणि शेवटच्या तासाच्या खुणा सारख्या अंतरावर ठेवता येत नाहीत. बुडत्या वाटीला मधल्या खुणाच नाहीत. पूर्ण बुडी हेच माप, म्हणून मधला वेग कमीजास्त झाला तरी बिघडत नाही. लग्नात मुहूर्ताला हेच घटिकापात्र पाण्यात सोडत, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचारही याच भरत्या वाटीतून आला.

दजला_तीर

बाहेरच्यांचा हिशेब.

बाबिलोनी लोकांचे तीन पहारे: संध्याकाळचा ‘बरारीतु’, मधला ‘कब्लीतु’, पहाटेचा ‘शात उर्री’. पहारा मोजायचा पाण्याच्या वजनाने, माप मीना, एका मीनात ६० शेकेल. ‘मुल-अपिन’ या खगोलावरच्या संहितेत उन्हाळ्याच्या मध्यावर रात्रीचा पहारा २ मीना, हिवाळ्याच्या मध्यावर ४ मीना आणि समरात्रीला ३ मीना दिला आहे. दर पंधरवड्याला १० शेकेल कमी किंवा जास्त करायचे. बारा पंधरवडे गुणिले १० म्हणजे १२० शेकेल, बरोबर २ मीना. हिशेब चोख बसतो.

पण प्रत्यक्षात बाबिलोनच्या अक्षांशावर सर्वांत लांब आणि सर्वांत लहान रात्रीचं प्रमाण दुपटीचं नसतं, ते १.४ च्या आसपास असतं. मग दुपटीचा आकडा कुठून आला? एक मत असं, की पहारेकरी ठरलेलं पाणी भांड्यात ओतून ते पूर्ण गळू देत असे. सरळ भिंतींच्या भांड्यात रिकामं व्हायला लागणारा वेळ पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. पाणी दुप्पट, वेळ १.४१ पट. ते मानलं तर २ आणि ४ मीना हे बरोबर आकडे ठरतात. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत, पण घटीयंत्र यांनी वर सांगितलेला जोर कमी होण्याचा मुद्दा इथे नेमका लागू पडतो.

आपल्या वेदांगज्योतिषात हे प्रमाण ३:२ आहे. सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा, लहान १२ मुहूर्तांचा, आणि उत्तरायणात रोज एक प्रस्थ पाण्याइतका दिवस वाढतो, रात्र घटते. सहा मुहूर्त म्हणजे २८८ मिनिटं, अयनाचे दिवस १८३, म्हणून रोज दीड मिनिटाहून थोडं जास्त. हे प्रमाण साधारण ३५ अंश अक्षांशाचं आहे. महाराष्ट्राला ते लावू नका, इथे लांब आणि लहान दिवसांतला फरक त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे.

इजिप्तचे बारा तास ताऱ्यांतून आले. वर्षाचे ३६ दशाह, प्रत्येकाचा एक तारका-गट. दर दहा दिवसांनी नवा गट पहाटे उगवताना दिसतो. सूर्यास्त ते सूर्योदय यांच्यात १८ गट येतात, पण दोन्ही संधिप्रकाशांचे तीन-तीन सोडले की पूर्ण काळोखाचे बारा उरतात. इसवी सनापूर्वी २१०० च्या सुमारापासून शवपेट्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला या गटांचे तिरके तक्ते रंगवलेले सापडतात. म्हणजे सुरुवातीचा रात्रीचा ‘तास’ साधारण ४० मिनिटांचा होता. पुढे रात्र म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय झाली आणि तोच बाराचा आकडा तिच्यावर पसरला. रामसेस राजांच्या थडग्यांत आणखी एक पद्धत चितारली आहे. समोर बसलेल्या माणसाच्या अंगावरून ताऱ्याची जागा वाचायची: तारा ‘डाव्या कानावर’, ‘उजव्या डोळ्यावर’, ‘छातीसमोर’. असे चोवीस तक्ते, दर पंधरवड्याला एक. बसणारा जरा हलला की वेळ चुकली, हा त्यातला उघड दोष.

कार्नाकला सापडलेलं तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळचं, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातलं अलाबास्टरचं जलघड्याळ पाहण्यासारखं आहे. कुंडीसारखं, वर रुंद, खाली निमुळतं. पाणी उतरून जोर कमी होतो तेव्हा भांडंही अरुंद झालेलं असतं, त्यामुळे पातळी बऱ्यापैकी सारख्या गतीने उतरते. आत बारा महिन्यांसाठी खुणांच्या बारा रांगा आहेत, कारण रात्र लांबली की तासही लांबायला हवा.

रोमनांचे चार पहारे लष्करी सोयीचे. रोमन लष्करी लेखक वेजेटियस स्पष्ट लिहितो की जलघड्याळाने रात्रीचे चार भाग करतात, म्हणजे कुणाला रात्रीच्या तीन तासांहून जास्त जागावं लागत नाही. पहारा तुतारीने बसवतात आणि शिंगाने उठवतात. हे तास मात्र रात्रीचा बारावा भाग होते. रोममध्ये जूनचा पहारा सव्वादोन तासांच्या आत आटपतो, डिसेंबरचा पावणेचार तासांच्या घरात जातो. पहारेकरी जागा आहे की नाही हे तपासायची रीत ग्रीक इतिहासकार पोलिबियसने दिली आहे. प्रत्येक चौकीला खूण कोरलेली एक लाकडी पट्टी दिलेली असते. चार घोडेस्वार साक्षीदार बरोबर घेऊन फेरी मारतात. पहारेकरी जागा सापडला तर त्याच्याकडची पट्टी घ्यायची, झोपलेला असला तर साक्षीदारांना दाखवून तसंच पुढे जायचं. पहाटे पट्ट्या मोजल्या की जी कमी असेल तिच्यावरून चौकी कळते. शिक्षा काठ्या-दगडांनी मारण्याची.

ज्यू परंपरेत आधी तीन पहारे होते, रोमन अमलात चार रूढ झाले. मग तीन की चार, यावर तालमूदमध्ये वाद आहे. तिथे तीन पहाऱ्यांच्या खुणा दिल्या आहेत: पहिल्यात गाढव ओरडतं, दुसऱ्यात कुत्री भुंकतात, तिसऱ्यात मूल आईला पितं आणि बायको नवऱ्याशी बोलते. ज्याच्याकडे भांडं नाही त्याच्यासाठी हेच घड्याळ. चिनी रात्र पाच ‘कंग’ची, तिसरा कंग मध्यरात्रीचा. तेही सूर्यास्तानंतर अडीच ‘ख’ सोडून मोजायला लागत आणि सूर्योदयाआधी तेवढेच सोडत. अहोरात्राचे शंभर ख, म्हणून अडीच ख म्हणजे ३६ मिनिटं.

इजिप्त, चीन आणि आपली त्रियामा, तिन्हीकडे संधिप्रकाश रात्रीतून वजा केला आहे. भागांच्या आकड्यांपेक्षा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: रात्र कुठून सुरू धरली?

सायंतारा

फारच उपयोगी. एक शंका. घटका स्थिर आणि प्रहर ताणणारा, मग घड्याळजीने तास वाजवताना दोन्ही एकत्र कसे बसवले? आणि घटिकापात्राशिवाय, नुसतं आकाशाकडे बघून सामान्य माणसाला प्रहर कळत होता का?

जुनी_पानं

पहिल्याचं उत्तर बाबरनाम्यात आहे. हिंदुस्थानात घडियाळी पाण्यातल्या वाटीवर घटका मोजून टांगलेल्या पितळी तबकडीवर टोले देतात, हे बाबराने बारकाईने टिपलं आहे. अडचण ही, की प्रत्येक प्रहरात टोले नव्याने एकपासून सुरू होत. रात्री झोपेतून उठलेल्याला तीन किंवा चार टोले ऐकू आले तर ते दुसऱ्या प्रहरातले की तिसऱ्या, हे कळायचं नाही. म्हणून बाबराने हुकूम दिला की रात्री आणि ढगाळ दिवशी घटकांच्या टोल्यांनंतर प्रहराची खूणही वाजवावी.

प्रहरात पूर्ण घटका बसवायच्या म्हटलं की ऋतूप्रमाणे एका प्रहरात घटका कमीजास्त धराव्या लागतात. उरलेला तुकडा सूर्योदय-सूर्यास्ताला आपोआप निघून जातो, कारण तिथे मोजणी नव्याने सुरू होते. या रोजच्या नव्या सुरुवातीमुळेच वाटीची चूक साचत नव्हती.

‘चौघडी’ या शब्दातही हीच ओढाताण दिसते. नावाप्रमाणे ती चार घटकांची. पण रात्रीच्या आठ चौघड्या म्हणजे ३२ घटका, आणि सम रात्र ३० घटकांची. म्हणून प्रत्यक्षात चौघडी पावणेचार घटकांची, दीड तासाची, म्हणजे कौटिल्याच्या आठव्या भागाएवढीच भरते.

नक्षत्रवेध

आकाशावरून प्रहर नक्की कळतो, आणि चांगला कळतो.

आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे घटकेला ६ अंश. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली की साधारण १० अंश झाकले जातात. तारा एक मूठ सरकला की ४० मिनिटं गेली. वरच्या प्रतिसादातला इजिप्तचा जुना तासही तेवढाच, कारण दहा दिवसांत ताऱ्यांची उगवण्याची वेळ ४० मिनिटांनीच अलीकडे येते.

उत्तर भारतात किंवा युरोपात सप्तर्षी ध्रुवाभोवती फिरताना बघून वेळ सांगतात. महाराष्ट्रात ते भागत नाही. इथे ध्रुव क्षितिजापासून १६ ते २२ अंशच वर, त्यामुळे वर्षातले काही महिने सप्तर्षी रात्रीचा मोठा भाग क्षितिजाखाली असतात. आपल्याकडे मध्यमंडलावरची नक्षत्रं बघायची: दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं आणि उत्तर-दक्षिण रेषेवर आता कोण आलं आहे ते पाहायचं. पंचांगातलं सूर्यनक्षत्र (मृग लागला, आर्द्रा लागल्या म्हणतो ते) माहीत असलं की त्याच्यापासून चौदाव्याच्या आसपासचं नक्षत्र मध्यरात्री माथ्याशी येतं. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य ज्येष्ठेत असतो, तेव्हा पुण्यात पहिला प्रहर संपताना अश्विनी मध्यमंडलावर, मध्यरात्री मृग, तिसरा प्रहर संपताना पुष्य. महिन्याने हेच सगळं दोन तास आधी. मघा रेषेवरून गेल्यावर चित्रा यायला ३ तास १७ मिनिटं लागतात, म्हणजे हिवाळ्यातला जवळजवळ नेमका एक प्रहर.

चूक होते ती नक्षत्रं सारख्या अंतरावर धरल्याने. सरासरी ५३ मिनिटांना एक नक्षत्र हा भागाकार बरोबर आहे, पण तारे तसे बसलेले नाहीत. मृगाचं शीर्ष आणि आर्द्रा यांत जेमतेम २० मिनिटांचं अंतर, तर रोहिणी आणि आर्द्रा यांत ७९ मिनिटांचं. आणि पुण्यात मध्यरात्र घड्याळाच्या बाराला होत नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.९ वर, म्हणून खरी मध्यरात्र १२:३५ च्या आगेमागे. महाशिवरात्रीचा निशीथकाल साडेबाराच्या पुढेमागे सांगतात तो यामुळेच: निशीथ हा रात्रीचा आठवा, बरोबर मधला मुहूर्त.

जुनी_पानं

पत्रातली वेळ बसवायच्या पायऱ्या राहिल्या होत्या.

आधी वेळ कुठून मोजली आहे ते बघा. ‘चार घटका रात्र’ म्हणजे सूर्यास्तानंतर ९६ मिनिटं. ‘चार घटका रात्र उरली असता’ म्हणजे सूर्योदयाआधी ९६ मिनिटं. प्रहर लिहिला असेल तर त्या तारखेची, त्या गावची रात्र काढून चाराने भागा, आणि वरच्या घटका २४ मिनिटांनी मिळवा. उदाहरणार्थ, पुण्यात २१ डिसेंबरला ‘प्रहर रात्र दोन घटका’: ६:०३ मध्ये ३ तास १५ मिनिटं आणि ४८ मिनिटं मिळवून १०:०६. ही आजची प्रमाणवेळ झाली. पुण्याची स्थानिक वेळ हवी असेल तर ३५ मिनिटं वजा, ९:३१. दोन्हींपैकी कोणती वापरली ते लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या साधनाशी ताळा घेताना अर्ध्या तासाचं भांडण उभं राहतं.

वेळेपेक्षा तारीख जास्त वेळा चुकते. आपला दिवस सूर्योदयापासून. पत्रात पंचमीच्या रात्री तिसऱ्या प्रहरी चकमक झाली असं असेल तर इंग्रजी तारीख पंचमीच्या सूर्योदयाची नाही, पुढची घ्यायची, कारण बारा वाजून गेले आहेत. ‘दोन प्रहर रात्र’ असेल तेव्हा दोन्ही तारखा लिहाव्या.

तसंच, मुंबईकर इंग्रज १७५२ पर्यंत जुनी (ज्युलियन) गणना वापरत होते आणि गोव्याचे पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनच नवी (ग्रेगोरियन). सतराव्या शतकात दोघांच्या तारखांत १० दिवसांचा फरक येतो, १७०० च्या फेब्रुवारीनंतर ११ दिवसांचा. दहा दिवसांनी पुण्याचा सूर्यास्त दहा मिनिटांच्या आतच हलतो, म्हणून प्रहराच्या वेळेवर परिणाम नगण्य. पण एकच रात्र गोव्याच्या कागदात २१ तारखेची आणि मुंबईच्या कागदात ११ तारखेची असते, आणि तिथे तिथी हाच एकमेव दुवा उरतो. म्हणून आधी तिथी ठरवा, मग प्रहराला हात घाला.